रुटाबागा कोणासाठी?

लिंडेन फॉल्स, मिनेसोटा
१९ ऑक्टोबर १९८७

प्रिय लव्हॉन,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लावला, म्हणून शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहायला बसलेय. तिन्ही पोरांना पाठोपाठ कांजिण्या झाल्या. धाकटा अजून खाजवतोय आणि मी अजून ओरडतेय. तू एकीवर थांबलीस, शहाणी आहेस.

आता मुद्द्याचं. यंदाचं थँक्सगिव्हिंग आमच्याकडे. आई गेल्यानंतरचं पहिलंच, आणि तुम्ही तिघं तिकडे टल्सात तोंडं पाडून बसणार, हे मला चालायचं नाही. बुधवारी पहाटे निघा. तुझ्या लेकीला, जोडीला सांग, मावशीने तिच्यासाठी बर्फ मागवून ठेवलाय.

टर्की आणलीय, बावीस पौंडांची. फ्रीझरमध्ये तिला जागा करायला आइस्क्रीम संपवावं लागलं, ते काम पोरांनी अंगावर घेतलं. घोळ आहे तो भाज्यांचा. माझा ओव्हन तुला माहीतच आहे. पक्षी एकदा आत बसला की दुपारपर्यंत हलत नाही आणि शेजारी साधी वाटीसुद्धा शिरत नाही. म्हणजे ओव्हनमधली भाजी एखाददुसरी, तीही शेजारच्या टॉलेफसनबाईंकडे भाजून आणायची. बाकी सगळं शेगडीवर.

मी असं ठरवलंय. कुस्करलेले बटाटे तर आलेच. ऑर्विलला, म्हणजे माझ्या नवरोबाला, सायीतला मका. तुझ्या हार्लनला त्याचं आंबट बीट, ते मी सप्टेंबरातच बरणीत भरलंय. पोरांना मश्रूमच्या सूपमधली फरसबी, वर तळलेला कांदा, ती जाईल टॉलेफसनबाईंकडे. रताळी तुझी तू कर. मी केली की तू घास तोंडात घोळवत बसतेस, मग मला राग येतो, मग जेवणाचा विचका. माझे चिमुकले कोबी कुणी खात नाही, तरी मी करणार, कारण मी खाते.

आणि हो, आई रुटाबागाचा कंद कुस्करायची, त्यात जायफळ किती घालायची गं? मऊपणाला बटाटा एक टाकायची की दोन? तुलाच ती ओट्यापाशी उभं करायची, मला सदानकदा टेबल पुसायला लावायची.

ऑर्विल बरा आहे. आता रात्री झोपतो तरी.

तुझी,
ॲर्लिस


टल्सा, ओक्लाहोमा
२५ ऑक्टोबर १९८७

प्रिय ॲर्लिस,

तुझं पत्र मी टपालपेटीपाशी उभ्याउभ्याच वाचलं. शेजारीण विचारत होती, कुणाचं बरंवाईट झालं का म्हणून. म्हटलं, नाही हो बाई, जेवायला बोलावलंय.

येतो आम्ही. गाडी रेटत येऊ, ढकलत येऊ, पण येऊ. जोडीने आत्तापासून बूट काढून ठेवलेत आणि ते तिला होत नाहीत. हार्लन संध्याकाळी नकाशा घेऊन बसला. अगं, त्याच्याकडे बघवत नाही. गोदामात टायरी उचलतो, चढवतो, घरी येतो. तक्रार नाही. पण दर रविवारी तिकडच्या मांसाच्या प्लॅंटमधले आपले सुरे काढतो आणि धार लावत बसतो. मी म्हटलं, इथे कुणाचं मांस सोलायचंय तुला? तर म्हणे, गंजतील. मला कळतं गं. प्लॅंटच्या यादीत त्याचं नाव आहे, संप मोडल्यावर कामाबाहेर राहिलेल्यांना जागा निघेल तसं क्रमाने बोलावणार आहेत, त्या बोलावण्याची वाट बघतोय तो. बोलावणं आलं की आम्ही त्याच रात्री सामान बांधू. इथे आम्ही एक भिंतसुद्धा रंगवलेली नाही.

रताळी माझ्याकडे. ब्राउन साखर आणि लोणी, वर मार्शमॅलो घालणार नाही, पोरांनी रडून दाखवलं तरी. आणि फरसबी टॉलेफसनबाईंकडे देऊ नकोस, त्यांच्या ओव्हनला मांजराचा वास येतो. त्यापेक्षा टर्की बाहेर काढल्यावर भाज. पक्षी कापायच्या आधी थोडा निवांत पडू द्यावाच लागतो, तेवढ्यात फरसबी होते. ग्रेव्हीही तोवर होईल. हे मी तुला दरवर्षी सांगते आणि दरवर्षी तू पहिल्यांदा ऐकल्यासारखं करतेस.

आता एक विचारते. रुटाबागा कोणासाठी?

हसू नकोस. आपल्या घरात तो पिवळा धोंडा एकच माणूस खातो. त्याला सोलताना हात दुखतात, उकळताना घरभर वास सुटतो, आणि सगळी नाकं मुरडतात. आईचा नियम तू विसरली नसशील. जो टेबलाशी बसणार त्याची एक भाजी टेबलावर हवीच. मांस एकच असतं, ते सगळ्यांचं. पण भाजीवरून कळलं पाहिजे की आपली वाट बघत होते. आणि गेल्या वर्षी आईने रुटाबागा केला नाही. डेलमार दारात आला, पाय पुसले, टेबलावरून एक नजर फिरवली आणि टोपीसुद्धा न काढता परत गेला. आई ग्रेव्ही ढवळत राहिली. स्वतःच्या मुलाला तिने तोंडाने एक शब्द म्हटला नाही.

संपात आम्ही सगळे जानेवारीच्या थंडीत प्लॅंटच्या गेटवर उभे होतो आणि आपला सख्खा भाऊ आपल्या डोळ्यांसमोर त्याच गेटमधून कामावर गेला. आता सुपरवायझर झालाय म्हणे. हार्लन त्याच्या समोर बसून घास गिळू शकणार नाही, आणि मीही नाही. तेव्हा स्पष्ट सांग, तो येणार आहे का?

लव्हॉन

ता.क. जायफळ अर्धं. बटाटा एकच.


लिंडेन फॉल्स
१ नोव्हेंबर १९८७

प्रिय लव्हॉन,

तू वकील व्हायला हवी होतीस. एक साधी भाजी विचारली तर उलटतपासणी. आईची आठवण म्हणून करावी असं वाटलं, तर गुन्हा झाला का?

हे एवढं लिहून पत्र दोन दिवस तसंच ठेवलं. पुढे खोटं लिहवेना. हो, डेलमार येणार आहे. मीच बोलावलंय. आईच्या अंत्यविधीच्या वेळी तो चर्चमध्ये मागच्या बाकावर एकटा बसला होता, ते तू बघितलंस की नाही? माझ्या डोळ्यांसमोरून ते जात नाही. किती दिवस चालवायचं हे? संप मोडला. युनियनच्या ऑफिसात आता पडदे विकतात. पण आपण मात्र अजून गेटवरच उभ्या.

आणि ऐक, दुसरीकडून कळण्याआधी मीच सांगते. ऑर्विल सप्टेंबरपासून प्लॅंटमध्ये परत लागलाय. हॅमच्या खात्यात. ही टर्कीसुद्धा प्लॅंटनेच दिलेली, पूर्वी देत तशी. तुला लिहायचं लिहायचं म्हणत राहिले, पण हार्लनला वाईट वाटेल म्हणून हात उचलेना. डेलमारने मदत केली, म्हणून त्याला एक जेवण. एवढंच. हार्लनचंही नाव येईल, जरा दम धर.

रताळी आणायला विसरू नकोस. सोललेली आणू नकोस, काळी पडतात.

ॲर्लिस


टल्सा
५ नोव्हेंबर १९८७

डेलमार,

दीड वर्षाने तुला लिहितेय. बरा आहेस का वगैरे विचारत नाही.

हार्लन प्लॅंटमध्ये लागला तेव्हा ऑर्विल अजून शाळेच्या बसेस चालवत होता. हार्लनने शब्द टाकला म्हणून तो प्लॅंटमध्ये चिकटला. त्याच्यानंतर तीन वर्षांनी. यादी क्रमाने चालते, हे तुमच्याच लोकांनी कागदावर सही करून सांगितलं होतं. मग ऑर्विलचं नाव आधी कसं आलं? हार्लनला का गाळलंस? तो गेटवर तुझ्या गाडीच्या आडवा उभा राहिला, म्हणून? तुझ्या काचेवर हात आपटला, म्हणून?

एकदा पाठीत सुरा खुपसलास तो पोटासाठी असेल. निदान मी स्वतःची तशी समजूत घातली होती. हा दुसरा कशासाठी? आमची पोरगी इथल्या शाळेत डबा एकटी बसून खाते. आम्हाला घरी यायचं होतं, तेवढंच हवं होतं. आणि ते तू एका माणसावर सूड म्हणून हिरावलंस. ॲर्लिस बिचारी तुला रुटाबागा करून घालतेय, तिला माहीत नाही ती कुणाला घालतेय.

आई होती तेव्हा तुझी बाजू मनातल्या मनात घ्यायची, असं मला वाटायचं. बरं झालं, हे बघायला ती नाही.

लव्हॉन


लिंडेन फॉल्स
९ नोव्हेंबर १९८७

लव्हॉन,

पत्र मिळालं. मला लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा जसं घडलं तसं सांगतो.

जागा निघाली की यादीतलं वरचं नाव घ्यायचं, फोन करायचा. माणूस हो म्हणाला तर घ्यायचा. नको म्हणाला तर नाव कायमचं खोडायचं आणि खालचं घ्यायचं. हे काम माझ्याकडे आहे. ऑगस्टमध्ये हॅमच्या खात्यात एक जागा निघाली. वरचं नाव हार्लनचं होतं. मी त्याला गाळलं नाही. उलट दुसऱ्या कुणाला फोन करायला लावला असता तर बरं, असं वाटून दोन दिवस घुटमळलो, मग म्हटलं आपणच करू.

त्याच्या नावापुढे नंबर ॲर्लिसच्या घरचा होता. मी दोनदा फोन केला. पहिल्यांदा ती म्हणाली, त्यांना विचारून सांगते. दुसऱ्यांदा म्हणाली, विचारलं, हार्लनचं तिकडे बस्तान बसलंय, त्याला यायचं नाही. मी म्हटलं, त्याच्या तोंडून ऐकू दे, त्याला मला फोन करायला सांग. ती म्हणाली, तो तुझ्याशी बोलेल असं वाटतं का तुला?

ते मला पटलं. मी नाव खोडलं. त्याच्या खालचं ऑर्विलचं होतं.

मला वाटलं तुला हे सगळं माहीत आहे. तुझं पत्र दोनदा वाचलं तेव्हा कळलं की नाही. एकदा खोडलेलं नाव परत चढत नाही. मी वर विचारून आलो, तर मलाच ऐकून घ्यावं लागलं.

गेटमधून गेलो ते गेलो. त्याची माफी मागत नाही. पण हे मी केलेलं नाही.

रुटाबागा करायला मी सांगितलं नव्हतं.

डेलमार


टल्सा
१३ नोव्हेंबर १९८७

ॲर्लिस,

डेलमारचं पत्र सोबत जोडलंय. वाच.

मी घरात फिरतेय आणि सारखी म्हणतेय की तो खोटं बोलतो. त्याच्यावर विश्वास ठेवायचं मला काहीच कारण नाही, आणि तुझ्यावर न ठेवायचं कारण कधी पडलं नव्हतं. आम्ही तिकडून निघालो तेव्हा इथे राहायला खोली नव्हती, फोन कुठला असणार. तूच म्हणालीस, "माझा नंबर दे, मी आहे ना, तुझा निरोप माझ्या हातून चुकेल का?" तू हे माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालीस. गाडी सुरू होती आणि हार्लन मागे दोऱ्या आवळत होता.

एक ओळ लिही. डेलमार खोटा आहे, एवढीच. मी तुझं ऐकेन. हार्लनला अजून काही सांगितलेलं नाही.

लव्हॉन


लिंडेन फॉल्स
१८ नोव्हेंबर १९८७

लव्हॉन,

डेलमार खोटा नाही.

फोन आला तेव्हा मी सूप टिकवायला बरण्या उकळत होते. त्याने हार्लनचं नाव घेतलं आणि मला खरंच आनंद झाला गं, शपथेवर सांगते. विचारून सांगते म्हटलं ते मनापासून. मग मी ऑर्विलला सांगायला गॅरेजमध्ये गेले.

तुला मी हे कधी लिहिलं नाही. संपूर्ण उन्हाळा तो गॅरेजचं दार आतून ओढून घ्यायचा आणि गाडीत बसून राहायचा. इंजिन बंद असायचं. पण किल्ली हातात असायची, आणि तो जिवाचं काही करून घेईल ही मला धास्ती. मी दर थोड्या वेळाने काही ना काही निमित्त काढून जायची, झाडू हवाय, हातोडी हवीय. पोरांना मी शिकवून ठेवलं होतं की बाबांना लिंबूपाणी नेऊन द्या, परत द्या, अजून द्या. त्या दिवशी गेले तर तो स्टिअरिंगवर डोकं टेकून होता. माझ्याकडे बघितलंही नाही. आणि हार्लनला काम लागलं हे त्याला सांगायला माझं तोंड उघडेना.

दुसरा फोन आला तेव्हा मी बोलून गेले. तुम्ही तरी बाहेर पडलात. हार्लन कुठेही गेला तरी उभा राहतो, तो तसा आहे. ऑर्विल नाही तसा. तुला एक पोर, मला तीन. मी मोजमाप केलं आणि माझ्या घराकडे पारडं झुकवलं. तू असतीस तर काय केलं असतंस?

ऑर्विलला माहीत नाही. त्याला वाटतं हार्लनने खरंच नको म्हटलं. तो तर म्हणतो, "हार्लन सुटला बघ, शहाणा." त्याला कळलं तर तो एक दिवस प्लॅंटमध्ये पाय ठेवणार नाही, आणि मग परत ते गॅरेज. लव्हॉन, तुझ्या पाया पडते, हे तिथेच ठेव.

आणि तरीही या. डेलमारला मी नको म्हणून कळवते. रुटाबागा करत नाही. बीट काढून ठेवलंय, फरसबी तू म्हणतेस तशी टर्की बाहेर काढल्यावर भाजेन, रताळ्यांसाठी सगळ्यात मोठं भांडं तुझ्यासाठी बाजूला ठेवलंय. तुमच्या तिघांच्या भाज्या टेबलावर असतील. आईच्या नियमाला स्मरून सांगते, मी तुमची वाट बघतेय.

ॲर्लिस


टल्सा
२९ नोव्हेंबर १९८७

ॲर्लिस,

आम्ही आलो नाही, हे तुला एव्हाना कळलंच आहे. जोडीला सांगितलं गाडी बिघडली. ती म्हणाली, मग दुरुस्त करा. मी तिच्यावर ओरडले.

इथेच एक लहान टर्की आणली. तिच्यासोबत काय करायचं ते सुचेना. इतकी वर्षं भाजी निवडायची म्हणजे कोण कोण येणार हे मनात मोजायचं, आणि इथे आम्ही तिघंच. हार्लनला विचारलं तर म्हणाला, "काहीही कर, गाजर कर." तो गाजरं तासायला बसला, मी बटाटे सोलत होते, आणि मी त्याला सगळं सांगितलं. तू म्हणालीस तिथेच ठेव. ते माझ्या नवऱ्याचं आयुष्य होतं, मी ते कुठे ठेवणार होते?

तो गाजरं तासत राहिला. सगळी संपल्यावर म्हणाला, "ऑर्विलला माहीत आहे?" म्हटलं, नाही. "मग कळू देऊ नका." त्याने सालं गोळा केली. मग म्हणाला, "गॅरेजचं मला आधी का नाही सांगितलं कुणी? तिने दोन ओळी लिहून एवढंच कळवलं असतं की हार्लन, ऑर्विलची अशी अवस्था आहे, तर मीच डेलमारला सांगितलं असतं, याला घ्या. त्याला तिथे लावला मी. त्याला मरू दिला असता का?"

तेव्हा मी रडले, ॲर्लिस. त्याच्या चांगुलपणाने नाही. मी रडले कारण हे तुला माहीत होतं. हार्लनला तू पंधरा वर्षं ओळखतेस. त्याने काय उत्तर दिलं असतं हे तुला माझ्याइतकंच ठाऊक होतं. मागितलं असतंस तर मिळालं असतं. पण मग आमचे उपकार झाले असते, दर थँक्सगिव्हिंगला ते तुला टेबलापलीकडे दिसले असते. त्यापेक्षा चोरणं तुला सोपं गेलं. मग वर आमच्यासाठी बीट बरणीत भरलंस, सप्टेंबरात, आमची जागा घेतल्यावर. ते भरताना तुझा हात कसा चालला, हे मला अजून कळत नाही.

मी काय केलं असतं, असं विचारलंस. मी तुला फोन केला असता. मी रडले असते, ओरडले असते, भीक मागितली असती, पण तुझ्याकडे आले असते. तुझ्याशिवाय दुसरं कुणाकडे गेले असते मी?

हार्लनने तुला माफ केलंय. ते त्याचं. कालपासून तो पुढच्या खोलीला रंग देतोय, फिकट पिवळा. म्हणाला, आता इथेच राहायचं तर भिंती तरी बऱ्या दिसू देत. सुरे त्याने गोदामातल्या एका खाटकाच्या मुलाला देऊन टाकले. ऑर्विलला मी कळू देणार नाही, निर्धास्त राहा. तुझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी.

डेलमारवरचा माझा राग गेलेला नाही. कदाचित जाणारही नाही. पण तो गेटमधून गेला तो दिवसाढवळ्या गेला, आम्ही सगळे समोर उभे असताना, आमच्या शिव्या काचेवर झेलत गेला. त्याने मला कधी सांगितलं नाही की तो माझी वाट बघतोय.

आम्ही घरी फोन घेतलाय. आता निरोपाला मधे कुणी लागत नाही. नंबर डेलमारला कळवलाय. तुला देत नाही.

लव्हॉन